लहान उपग्रहाचं थर्मल मॉडेल: कागदावरच्या एका नोडपासून निर्वात चाचणीपर्यंत

उपग्रहाचं थर्मल मॉडेल करायचं ठरलं की बऱ्याच टीम पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर उघडतात, कॅडची फाइल आत ओढतात आणि संध्याकाळपर्यंत हजारो नोडचं रंगीबेरंगी चित्र तयार करतात. (नोड म्हणजे सगळीकडे एकच तापमान आहे असं मानलेला उपग्रहाचा तुकडा.) चित्र दिसायला झकास असतं. त्यातलं तापमान वीस अंशांनी चुकलंय का, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही, कारण पडताळून पाहायला हातात दुसरं काहीच नसतं. इथे आपण दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करू. आधी कागदावर एक नोड, मग त्याला वेळेचं परिमाण, मग जरूर असतील तेवढेच नोड आणि शेवटी निर्वात कक्षातली चाचणी. बारावीचं भौतिकशास्त्र, एक स्प्रेडशीट किंवा थोडंसं पायथन एवढ्यावर काम भागतं. उदाहरणासाठी दहा सेंटिमीटर बाजूचा घनाकृती क्यूबसॅट घेऊ: वस्तुमान १.२ किलो, ५०० किलोमीटर उंचीची वर्तुळाकार कक्षा, आणि अवकाशात संथपणे गडगडत जाणारा, म्हणजे कोणतीही एक बाजू कायम सूर्याकडे नसलेला.

आधी प्रश्न ठरवा

"उपग्रहाचं तापमान किती?" या प्रश्नाला उत्तर नाही. "सर्वांत थंड अवस्थेत बॅटरी शून्याच्या खाली जाईल का?" याला आहे. म्हणून पहिलं काम म्हणजे प्रत्येक घटकाच्या माहितीपत्रकातून चालू स्थितीतली आणि बंद स्थितीतली तापमानमर्यादा काढून एका तक्त्यात लिहिणं. इलेक्ट्रॉनिक्स बहुधा उणे ४० ते ८५ अंश सेल्सिअस सहन करतं. लिथियम-आयन बॅटरी तेवढी सोशिक नाही. डिस्चार्ज होताना ती उणे २० ते ६० पर्यंत निभावते, पण चार्जिंगसाठी सर्वसाधारण मर्यादा ० ते ४५ अंश असते. शून्याखाली चार्ज केली तर ऋणाग्रावर लिथियम धातूचा थर बसतो, क्षमता कायमची घटते आणि आत शॉर्ट सर्किट होण्याची भीती राहते. तक्ता पुरा झाला की दिसतं की लहान उपग्रहात सगळं मॉडेल प्रत्यक्षात बॅटरीसाठीच चाललेलं असतं. मग बॅटरीभोवतीचे तपशील काळजीने घ्यायचे आणि अँटेनाच्या टोकाचं तापमान ढोबळ ठेवलं तरी चालतं.

उष्णता येते कुठून

अवकाशात अभिसरण नाही. उष्णता आत फिरते ती वहनाने आणि प्रारणाने. बाहेर पडते ती फक्त प्रारणाने. येण्याच्या वाटा तीन.

पहिली वाट थेट सूर्यप्रकाशाची. पृथ्वीच्या सरासरी अंतरावर तो चौरस मीटरला १३६१ वॅट असतो. पृथ्वीची कक्षा थोडी लंबवर्तुळाकार असल्याने जानेवारीच्या सुरुवातीला तो सुमारे १४०८ आणि जुलैच्या सुरुवातीला सुमारे १३१७ होतो. दुसरी वाट पृथ्वीवरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशाची, म्हणजे अल्बेडोची. सरासरी अल्बेडो ०.३ आहे, पण मोकळ्या समुद्रावर तो फार कमी असतो आणि दाट ढगांवर किंवा बर्फावर दुपटीहून जास्त. तिसरी वाट पृथ्वीच्या स्वतःच्या अवरक्त प्रारणाची. ते सरासरी चौरस मीटरला २३७ वॅटच्या आसपास असतं आणि रात्रीही थांबत नाही.

मॉडेल दुसऱ्या ग्रहासाठी किंवा चंद्रासाठी करत असाल तर हे आकडे तसेच उचलू नका. चंद्राला वातावरण नाही आणि त्याचा दिवस लांबलचक असतो. सूर्याखालच्या भागाचं तापमान ३९० केल्विनपर्यंत जातं आणि तिथून चौरस मीटरला सुमारे १३०० वॅट अवरक्त उष्णता वर येते. म्हणजे खालूनही जवळपास दुसरा सूर्यच. चांद्रयान-१ नोव्हेंबर २००८ मध्ये चंद्राभोवती १०० किलोमीटरच्या कक्षेत पोहोचल्यावर आतलं तापमान ५० अंशांच्या घरात गेलं. तेव्हा उपकरणं आळीपाळीने चालवावी लागली. मे २००९ मध्ये कक्षा २०० किलोमीटरवर नेण्यात आली.

आता सावली. ५०० किलोमीटरवर एक फेरी ९४.६ मिनिटांची होते. सूर्य कक्षेच्या प्रतलातच असेल तर त्यातली ३५.७ मिनिटं उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असतो, म्हणजे फेरीचा ३७.८ टक्के भाग. सूर्यकिरण आणि कक्षेचं प्रतल यांमधल्या कोनाला बीटा कोन म्हणतात. तो वाढला की सावली आखडते. ६० अंशांवर ती २२ मिनिटांची होते आणि ६८ अंशांपुढे उरतच नाही. बीटा कोन आठवड्यागणिक बदलत राहतो, म्हणून "आमच्या कक्षेत सावली किती?" याचं उत्तर वर्षभराच्या आलेखात द्यायचं असतं. हा आलेख आत्ताच काढून ठेवा. पुढे कळेल की निम्मी भानगड त्यातच आहे.

एक नोड, एक कागद

संपूर्ण उपग्रह एकाच तापमानाचा आहे असं धरा. गृहीतक रानटी आहे, पण पुढच्या प्रत्येक मॉडेलला याच उत्तरासमोर उभं राहायचं आहे.

घनाचं एकूण पृष्ठफळ ०.०६ चौरस मीटर. गडगडणाऱ्या घनाची सूर्याला दिसणारी बाजू सतत बदलते, पण बहिर्वक्र वस्तूच्या बाबतीत तिची सरासरी नेमकी एकूण पृष्ठफळाच्या एक चतुर्थांश येते, म्हणजे ०.०१५ चौरस मीटर. पृष्ठभागावर सौर सेल, थोडं ॲल्युमिनियम आणि थोडा लेप असं मिश्रण आहे. त्याची सरासरी सौर शोषकता, म्हणजे पडलेल्या सूर्यप्रकाशातला शोषला जाणारा भाग, ०.७ आणि अवरक्त उत्सर्जकता, म्हणजे आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या तुलनेत तो किती उष्णता बाहेर टाकतो ते, ०.८ धरू.

सूर्याकडून उन्हात: १३६१ × ०.७ × ०.०१५ = १४.३ वॅट. फेरीचा ६२.२ टक्के भाग उन्हात जातो, म्हणून सरासरी ८.९ वॅट.

पृथ्वीकडून येणाऱ्या उष्णतेसाठी दृश्य-गुणक लागतो, म्हणजे उपग्रहाच्या चहूबाजूंच्या दृश्यात पृथ्वीचा वाटा किती ते. पृथ्वीची त्रिज्या ६३७८ ला केंद्रापासूनच्या अंतराने, ६८७८ ने, भागा. वर्ग करून एकातून वजा करा. वर्गमूळ घ्या, तेही एकातून वजा करा आणि निम्मं करा. उत्तर ०.३१३. मग अवरक्त उष्णता होते २३७ × ०.८ × ०.०६ × ०.३१३ = ३.६ वॅट. अल्बेडो भर दुपारच्या बिंदूवर १३६१ × ०.३ × ०.७ × ०.०६ × ०.३१३ = ५.४ वॅट, फेरीची सरासरी घेताना त्याला π ने (३.१४) भागायचं, म्हणजे १.७ वॅट.

बेरीज १४.२ वॅट. तेवढीच उष्णता बाहेर पडायला हवी, आणि ती असते उत्सर्जकता × स्टीफन-बोल्ट्झमन स्थिरांक × पृष्ठफळ × तापमानाचा चौथा घात. स्थिरांक म्हणजे ५.६७ ला १० कोटींनी भागून येणारी संख्या. तापमान केल्विनमध्येच घ्यायचं. उत्तर येतं २६८.६ केल्विन, म्हणजे उणे ४.६ अंश सेल्सिअस.

या गणितात सर्किटमध्ये खर्च होणारी वीज कुठेच आली नाही, हे लक्षात आलं असेल. ती मुद्दाम गाळली आहे. सेलवर पडलेला प्रकाश आपण संपूर्ण शोषकतेने मोजला. त्यातूनच वीज झाली आणि तीच शेवटी आत उष्णता बनली. वरून पुन्हा दोन वॅट मिळवले तर तीच ऊर्जा दोनदा मोजली जाते आणि उपग्रह कागदावर उबदार दिसू लागतो. विद्यार्थ्यांच्या मॉडेलमध्ये ही गफलत सर्रास आढळते. अनेक नोडच्या मॉडेलमध्ये मात्र विजेचा हिशेब स्वतंत्र ठेवावाच लागतो: पॅनेलच्या नोडमधून वीज वजा करायची आणि ती जिथे खर्च होते त्या बोर्डाच्या नोडमध्ये टाकायची. बॅटरी भरली की सेलमधून वीज ओढली जात नाही आणि ती ऊर्जा पॅनेलमध्येच उष्णता होऊन राहते. हेही त्यात धरायला हवं.

शोषकता आणि उत्सर्जकता

थर्मल डिझाइनमधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत ताकदवान पेच म्हणजे या दोन संख्यांचं गुणोत्तर. पृथ्वीपासून दूर, सतत उन्हात असलेला एक गोल घ्या. गुणोत्तर १ असेल तर त्याचं तापमान ५ अंश सेल्सिअस येतं. पांढरा रंग दिला, शोषकता ०.२ आणि उत्सर्जकता ०.९, तर उणे ८२. आणि चकाकणारा धातू ठेवला, शोषकता ०.१५ आणि उत्सर्जकता ०.०५, तर ९३ अंश! चकचकीत वस्तू थंड राहते असं मनात पक्कं बसलेलं असतं, पण उन्हातला उघडा धातू कमी शोषत असला तरी त्याहून कितीतरी कमी बाहेर टाकतो आणि तापत जातो.

पुस्तकात "शोषकता आणि उत्सर्जकता समान असतात" असा किर्खोफचा नियम वाचलेला असतो. तो एकाच तरंगलांबीसाठी आहे. इथली शोषकता सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यातली, उत्सर्जकता तापमानाला साजेशा अवरक्त पट्ट्यातली. दोन्ही वेगळ्या असू शकतात आणि सगळा खेळ त्या फरकाचाच आहे.

दोन सूचना. पांढरे लेप अतिनील किरणांनी काळवंडतात आणि त्यांची शोषकता वर्षागणिक वाढते, म्हणून उष्ण अवस्थेसाठी मोहिमेच्या शेवटच्या दिवसाची किंमत घ्या आणि थंड अवस्थेसाठी पहिल्या दिवसाची. आणि ॲल्युमिनियमच्या बाबतीत तक्त्यातल्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. पॉलिश, ॲनोडायझिंगची जाडी, बोटांचे ठसे या सगळ्यांनी तो हलतो. नमुन्याचं मोजमाप करून घेणं शक्य असेल तर त्या खर्चात काटकसर करू नये.

वेळ आत आणा

आता सरासरी सोडून मिनिटागणिक तापमान काढू. १.२ किलो वस्तुमान आणि किलोला ९०० ज्यूल प्रति केल्विन अशी ॲल्युमिनियमसारखी विशिष्ट उष्माधारकता धरली तर उपग्रहाची एकूण उष्माधारकता १०८० ज्यूल प्रति केल्विन. वेळेचे छोटे तुकडे पाडा. अशा प्रत्येक पायरीवर एवढंच करायचं: आत येणाऱ्या वॅटमधून बाहेर जाणारे वॅट वजा करा, पायरीच्या सेकंदांनी गुणा, उष्माधारकतेने भागा आणि जुन्या तापमानात मिळवा. कक्षेतला कोन पायरीगणिक पुढे सरकतो. सावलीत सूर्य आणि अल्बेडो शून्य करायचे.

कोड चालवण्याआधी उत्तराचा अंदाज लिहून ठेवा. सावलीत सरासरी उत्सर्जन सुमारे १४.२ वॅट आणि आवक फक्त ३.६. तूट १०.६ वॅट, ती २१४५ सेकंद चालते, म्हणजे घसरण साधारण २१ अंशांची. सरासरी उणे ४.६ असेल तर तापमान उणे १५ ते अधिक ६ यांच्या दरम्यान हेलकावे खाईल. कोडचं उत्तर याच्या जवळपास आलं नाही तर आधी कोडवर संशय घ्या. सुरुवातीचं तापमान काहीही दिलंत तरी पाच-सहा फेऱ्यांनंतर आलेख स्वतःची पुनरावृत्ती करू लागला पाहिजे. त्याआधीचे आकडे कुठेही वापरू नका.

मॉडेलची परीक्षा घ्या

या टप्प्यावर लोक घाई करतात, म्हणून मी जरा रेंगाळणार आहे. नोड वाढल्यावर चूक शोधणं फार जिकिरीचं होतं. आत्ता एकच नोड आहे आणि उत्तरं कागदावर मिळतात.

पहिली परीक्षा ऊर्जेची. एका पूर्ण फेरीत आत आलेले ज्यूल आणि बाहेर गेलेले ज्यूल यांची बेरीज करा. आलेख स्थिरावल्यानंतर दोन्ही जुळले पाहिजेत. हजारात एक भाग इतका फरकही संशयास्पद माना.

दुसरी परीक्षा अचूक उत्तराची. सूर्य, पृथ्वी सगळं बंद करा आणि ३०० केल्विनवरचा उपग्रह काळ्या अवकाशात सोडा. याचं अचूक उत्तर थेट सूत्राने मिळतं: तापमानाच्या घनाचा व्यस्तांक काळाबरोबर सरळ रेषेत वाढतो, आणि त्या रेषेचा चढ म्हणजे उत्सर्जकता, स्थिरांक व पृष्ठफळ यांच्या गुणाकाराची तिप्पट भागिले उष्माधारकता. आपल्या आकड्यांनी एका तासानंतर २४९.७ केल्विन यायला हवेत. २४५ आले तर बहुधा पायरी मोठी आहे किंवा एखादा घात चुकला आहे.

तिसरी परीक्षा समतापाची. भोवताल सर्व बाजूंनी ३०० केल्विनचा आहे असं धरा आणि बाकी उष्णता शून्य करा. नोड एक असो की शंभर, सगळ्यांनी ३०० वर येऊन थांबलंच पाहिजे. एखादा नोड २९७ वर अडला तर कुठल्यातरी दोन नोडमधला प्रारण-दुवा, म्हणजे प्रारणाने होणाऱ्या देवाणघेवाणीचा गुणक, एकतर्फी लिहिला गेलाय.

मग पायरी निम्मी करा आणि उत्तर हलतं का ते बघा. मोठ्या मॉडेलमध्ये पायरीला तिच्या पद्धतीनुसार मर्यादा असते. वरची साधी पद्धत वापरताना पायरी सर्वांत चपळ नोडच्या कालस्थिरांकापेक्षा लहान हवी. कालस्थिरांक म्हणजे उष्माधारकता भागिले दुव्यांची बेरीज, नोडला तापमान बदलायला लागणारा ढोबळ वेळ. एक मिलिमीटर जाडीच्या पॅनेलची उष्माधारकता जेमतेम २४ ज्यूल प्रति केल्विन. ते सांगाड्याशी ०.५ वॅट प्रति केल्विनने जोडलेलं असेल तर कालस्थिरांक ४५ सेकंदांच्या आसपास येतो. तिथे एक मिनिटाची पायरी ठेवली तर तापमान उगाच वरखाली थरथरेल, आणखी वाढवली तर अनंताकडे निघून जाईल. पाच सेकंदांची पायरी ठेवा. आजच्या संगणकाला त्याचं ओझं नाही.

नोड किती आणि त्यांच्यामधले दुवे

आपल्या उपग्रहाला सहा पॅनेल, सांगाडा, दोन-तीन बोर्ड आणि बॅटरी असे दहा-बारा नोड पुरतात. ज्या दोन जागांच्या तापमानातला फरक तुमच्या प्रश्नाचं उत्तर बदलू शकतो, त्या जागांना वेगळे नोड द्या. बाकीच्या एकत्र राहू देत.

नोडमधल्या वहनाचा दुवा म्हणजे वाहकता गुणिले छेदाचं क्षेत्रफळ भागिले लांबी. बोर्ड चार खांबांवर उभा आहे, खांब ५ मिलिमीटर व्यासाचे आणि १५ मिलिमीटर लांब. स्टेनलेस स्टीलचे असतील, वाहकता १६, तर एका खांबाचा दुवा ०.०२१ वॅट प्रति केल्विन आणि चारांचा ०.०८४. बोर्डावर एक वॅट खर्च होत असेल तर तो सांगाड्यापेक्षा १२ अंशांनी गरम राहील. तेच खांब ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले, वाहकता १६७, तर फरक अवघा १.१ अंश. एका खांबाची सामग्री हा इतका मोठा निर्णय असतो, आणि तो पुष्कळदा "दुकानात काय मिळालं" यावर ठरतो.

हे गणित मात्र अर्धंच आहे. खांब आणि बोर्ड जिथे टेकतात तिथे खरा स्पर्श थोड्याच ठिपक्यांत होतो. जमिनीवर मधल्या फटींतली हवा उष्णता वाहून नेते. निर्वातात ती नाहीशी होते. या स्पर्शरोधाचं मूल्य स्क्रूच्या ताणावर, पृष्ठभागाच्या खडबडीतपणावर आणि मध्ये काय भरलंय त्यावर अवलंबून असतं, आणि ते दहा पटींनीही इकडेतिकडे होऊ शकतं. संपूर्ण मॉडेलमध्ये एवढी बेभरवशाची संख्या दुसरी नाही. म्हणून तिला एका आकड्यात न अडकवता कमाल आणि किमान अशा दोन किमतींनी मॉडेल चालवा.

आतल्या प्रारणासाठी सुरुवातीला समोरासमोरच्या पृष्ठभागांचे साधे दृश्य-गुणक चालतात. भूमिती गुंतागुंतीची असेल तर ते मॉन्टे कार्लो किरण-पद्धतीने, म्हणजे यादृच्छिक दिशांना असंख्य किरण सोडून ते कुठे पडतात हे मोजून, काढावे लागतात. थर्मल डेस्कटॉप किंवा ईसॅटॅनसारखी साधनं खरी कामाला येतात ती इथे. तुमचं दहा नोडचं मॉडेल तयार असेल तर त्यांच्या उत्तराकडे तुम्ही डोळसपणे पाहू शकाल.

बॅटरी वाचवणं

आता मूळ प्रश्नाकडे. उणे १५ ते अधिक ६ या पट्ट्यात बॅटरी चार्ज करता येणार नाही. काय करता येईल?

एक, सरासरी वर सरकवा. बाहेरच्या काही भागावर कमी उत्सर्जकतेची टेप लावून सरासरी उत्सर्जकता ०.८ वरून ०.६५ केली की सरासरी तापमान उणे ४.६ वरून अधिक ६.३ वर येतं. अकरा अंश, आणि वीज शून्य.

दोन, हेलकावा दाबा. बॅटरीची उष्माधारकता १५० ज्यूल प्रति केल्विन धरा आणि ती प्लास्टिकच्या खांबांवर बसवून सांगाड्याशी दुवा ०.०३ वॅट प्रति केल्विन ठेवा. तिचा कालस्थिरांक ५००० सेकंद होतो, जवळपास एका फेरीएवढा. सांगाड्याचा २१ अंशांचा हेलकावा बॅटरीपर्यंत पोहोचेतो चार अंशांहून कमी उरतो. बॅटरीत स्वतःची ०.१ वॅट उष्णता तयार होत असेल तर ती सांगाड्याहून ३ अंशांनी वरही राहते.

तीन, हीटर. या विलगीकरणाचा खरा फायदा इथे दिसतो. विलग केलेल्या बॅटरीला दहा अंशांनी वर न्यायला ०.०३ × १० = ०.३ वॅट लागतात. संपूर्ण उपग्रहाला तेवढंच वर न्यायचं म्हटलं तर सुमारे १.८ वॅट, आणि एवढ्याशा उपग्रहाची सगळी सरासरी वीजच जेमतेम दोनेक वॅट असते. म्हणून आधी विलगीकरण, मग हीटर. उलट क्रमाने गेलात तर विजेचं बजेट कोसळतं आणि दोष वीज पाहणाऱ्या सहकाऱ्यावर जातो.

टोकाच्या दोन अवस्था

डिझाइन सरासरी दिवसासाठी करत नाहीत. थंड अवस्थेत सगळ्या आवक किमती एकदम खाली ओढा: सूर्य १३१७, अल्बेडो ०.२, अवरक्त २१८, बीटा शून्य, सर्वांत लांब सावली. नव्या उत्सर्जकतेसह फेरीची सरासरी येते अवघी ०.३ अंश, बॅटरीचं किमान तापमान २ अंशांच्या आसपास. उष्ण अवस्थेत सूर्य १४०८, अल्बेडो ०.३५, अवरक्त २५७ आणि बीटा ७० अंश, म्हणजे सावलीच नाही. सरासरी ३० अंश, बॅटरी ३३ च्या घरात.

हे आकडे शेजारी ठेवून पाहा. एका फेरीतला बॅटरीचा हेलकावा चार अंश, आणि दोन टोकांमधला फरक तीस. हा फरक मुख्यतः बीटा कोनाने, म्हणजे सावली असण्या-नसण्याने पडतो. जी टीम एकाच कक्षेचं नेटकं अनुकरण करून थांबते, तिच्या हाती नेमका हा फरक लागत नाही. कक्षेचा कल, म्हणजे विषुववृत्ताशी तिचा कोन, ठरला असेल तर बीटा कुठवर जातो ते पाहा आणि तेवढ्यापुरतीच उष्ण अवस्था ताणा.

यावर अनिश्चिततेची राखीव वेगळी ठेवायची. अमेरिकी लष्करी अंतराळ मानकांत ती ११ अंशांची चालत आली आहे. चाचणी न झालेल्या मॉडेलसाठी याहून कमी घेऊ नये. आपल्या बॅटरीच्या २ अंशांतून ११ वजा केले की उत्तर शून्याखाली जातं, म्हणून ०.३ वॅटचा हीटर लागणारच. उष्ण बाजूला ३३ मध्ये ११ मिळवले तरी ४४, मर्यादेच्या एक अंश अलीकडे. टेप आणखी लावण्याचा मोह त्यामुळे आवरायला हवा.

शेवटी प्रत्येक चल एकेक करून दहा टक्क्यांनी हलवा आणि बॅटरीचं तापमान किती अंशांनी सरकतं ते उतरत्या क्रमाने लिहा. वरच्या तीन-चार ओळी म्हणजे तुमच्या चाचणीचा आराखडा. खालच्या ओळींवर वेळ घालवू नका.

निर्वात कक्षात

निर्वात कक्षातल्या दोन चाचण्यांची गल्लत होते. तापचक्र चाचणीत उपग्रह तापवून-थंड करून जोडणीतले दोष बाहेर काढतात. मॉडेलसाठी लागते ती ताप-संतुलन चाचणी: ठरावीक उष्णता द्यायची, कक्षाच्या भिंती ठरावीक तापमानाला ठेवायच्या आणि तापमान स्थिरावेपर्यंत थांबायचं. भिंती बहुधा द्रव नायट्रोजनने थंड करतात, म्हणजे ७७ केल्विनच्या जवळ. दाब इतका कमी हवा की उरलेल्या वायूतून होणारं वहन नगण्य ठरेल.

चाचणीआधी कक्षाचंच मॉडेल करा: भिंतींचं तापमान, उपग्रह टांगलेल्या दोऱ्या, सेन्सरच्या तारा. तांब्याच्या जाड तारांचा जुडगा लहान उपग्रहातून लक्षणीय उष्णता बाहेर नेतो आणि मग मॉडेल चुकीचं वाटतं. बारीक आणि लांब तारा वापरा, त्यांच्या वाटेवर एक सेन्सर लावा आणि त्यांचा दुवा मॉडेलमध्ये लिहा.

कमीत कमी दोन संतुलन अवस्था घ्या, एक गरम आणि एक थंड, आणि शक्य असेल तर मध्ये एक थंड होत जाण्याचा टप्पाही. स्थिर अवस्थेतून दुवे कळतात. उष्माधारकता फक्त बदलत्या तापमानातच दिसते.

नंतर मॉडेल चाचणीशी जुळवायचं. इथे शिस्त लागते. ज्या संख्या खरोखर अनिश्चित होत्या, म्हणजे स्पर्शरोध, बहुस्तरी आवरणाची (पातळ चकचकीत पापुद्र्यांच्या उष्णतारोधक गोधडीची) परिणामी उत्सर्जकता, तारांचे दुवे, त्यांनाच हात लावा आणि तोही भौतिकदृष्ट्या शक्य असलेल्या पट्ट्यात. आलेख जुळावा म्हणून ॲल्युमिनियमची वाहकता निम्मी केलीत तर चूक दुसरीकडेच कुठेतरी आहे आणि ती तुम्ही झाकली आहे. एका अवस्थेवर जुळवून दुसऱ्या अवस्थेचं भाकीत करा. आतल्या घटकांसाठी तीन ते पाच अंशांत भाकीत उतरलं तर मॉडेल उड्डाणाच्या अंदाजासाठी वापरण्याजोगं झालं.

उड्डाणानंतरचा डेटा

सेन्सर कुठे लावायचे हे टेलिमेट्रीच्या, म्हणजे उपग्रहाकडून रेडिओने येणाऱ्या मोजमापांच्या, जागेवर ठरतं, आणि ती नेहमी अपुरी असते. माझा क्रम असा: बॅटरी, सांगाडा, समोरासमोरची दोन पॅनेल आणि सर्वांत जास्त वीज खाणारा बोर्ड. प्रत्येक नोंदीबरोबर वेळ आणि पॅनेलचा प्रवाह हवाच, नाहीतर उपग्रह तेव्हा उन्हात होता की सावलीत हे कळत नाही.

आणि सगळं जपून ठेवा. पायोनियर १० आणि ११ ही याने १९७२ आणि १९७३ मध्ये निघाली. सूर्यमालेबाहेर जाताना त्यांच्यावर सूर्याच्या दिशेने एक चिमुकलं जादा त्वरण आढळलं, सेकंदाच्या वर्गाला एक नॅनोमीटरहूनही कमी. १९९८ मध्ये ते जाहीर झाल्यावर गुरुत्वाकर्षणाच्या नियमांपर्यंत शंका गेल्या. उत्तर २०१२ मध्ये थर्मल मॉडेलने दिलं: यानातली उष्णता सगळ्या दिशांना सारखी बाहेर पडत नव्हती आणि तिचा सूक्ष्म धक्का यानाला मागे ढकलत होता. हे मॉडेल बांधता आलं ते जुनी टेलिमेट्री आणि यानाचे आराखडे शोधून काढता आले म्हणून. तेव्हा मॉडेलच्या फाइलबरोबर साध्या मजकुरात एक यादी ठेवा: प्रत्येक नोडची उष्माधारकता, प्रत्येक दुवा, प्रत्येक पृष्ठभागाची शोषकता आणि उत्सर्जकता, आणि प्रत्येक आकड्यासमोर तो मोजलेला, माहितीपत्रकातला की अंदाजाने धरलेला. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली तरी ही यादी उघडता येईल.